उत्तराची तसदी घेऊ नये

माझ्या धाकट्या बहिणीला घरी, शेजारी आणि ती नोकरी करते त्या कॉलेजात सगळे राहूदे म्हणतात. बारशाला ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त तिच्या पासपोर्टला ठाऊक आहे. चहा घेतेस? राहू दे. पंखा लावू? राहू दे. अगं, तुझ्या पायावर माझी खुर्ची आलीय, सरकवू? राहू दे. शेवटी आम्ही हाक मारायलाच तो शब्द घेतला. तिने त्यालाही हरकत घेतली नाही.

एकदा बसमध्ये शेजारची बाई हिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आमचा थांबा आला आणि गेला. बाईंची झोप मोडेल म्हणून ही थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि तिथून चालत घरी आली. केस कापायला गेली तेव्हा सांगितलं होतं, टोकं तेवढी कापा. त्या बाईने कानापर्यंत भादरले. हिने आरशात पाहिलं, "छान झालेत" म्हणाली आणि आई दिसताच ओढणी डोक्यावर घेतली. आई रोज तिला चहाचं विचारते, ही रोज राहू दे म्हणते आणि आम्ही उठलो की पातेल्याच्या तळाशी उरलेला गार चहा गाळून पिते. तिला गार चहाच आवडतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मला तिचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांच्यावर. इतक्या वर्षांत मी एकच शास्त्र शिकले आहे. जो खिडकी बडवतो त्याच्या घरी दिवे आधी लागतात. कागदोपत्री असा नियम नाही, पण रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तिथे वीज कंपनीची काय कथा. राहूदेच्या घरची वीज गेली तर ती अंधारात बसून म्हणेल, लाइनमन बिचारा दमला असेल.

ती कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या काचा मोजून ठेवायच्या, मुलांनी बेसिनमध्ये काय सांडलं ते न विचारता धुवायचं. एम.एस्सी. केलेली मुलगी, पण वरच्या जागेसाठी मुलाखत होती त्या दिवशी तिने आपला नंबर घाईत असलेल्या एका बाईंना दिला. त्या बाई आता तिच्या साहेबीण आहेत.

आणि गोगलगाई. घराच्या मागच्या अंगणात आईच्या कुंड्या आहेत. रोपांची पानं खाणाऱ्या गोगलगाई आई उचलायची आणि भिंतीपलीकडे भिरकावायची. दोन-चार दिवसांत पानांना पुन्हा भोकं.

"दुसऱ्या आल्या असतील," आई म्हणाली.

राहूदे कधी कुणाला खोडून काढत नाही. त्या दिवशीही काढलं नाही. तिने गुपचूप माझी लाल नेलपॉलिश घेतली, प्रत्येक गोगलगाईच्या पाठीवर एक ठिपका दिला आणि सगळ्यांना भिंतीपलीकडे नेऊन ठेवलं. ठेवलं हं, फेकलं नाही. त्याच आठवड्यात लाल ठिपकेवाली मंडळी आईच्या रोपांवर हजर.

"निर्लज्ज मेल्या!" आई ओरडली.

राहूदेच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता की मी पाहतच राहिले. इतक्या संथ जिवाला आपलं घर कळतं कसं, हा प्रश्न तिला तेव्हा चिकटला तो चिकटलाच. पुढची कितीतरी वर्षं ती त्यांना लांब लांब नेऊन सोडत राहिली, कधी रस्त्यापलीकडे, कधी बागेच्या टोकाला. कोणती परत आली, किती दिवसांनी, पाऊस होता की ऊन, सगळं टिपत राहिली. आमच्या घरात नेलपॉलिश लावलेल्या बायका कमी आणि गोगलगाई जास्त झाल्या. शेजारीपाजारी हसायचे, म्हणायचे, हीच खरी गोगलगाय नि पोटात पाय. आम्हीही हसायचो. पण म्हण खरी निघाली. तिच्या पोटात पाय होते आणि त्यांना जायचं होतं.

हे कळलं तेव्हा ती आईबरोबर भाजी निवडत होती. मान खाली घालून म्हणाली, "पीएचडीला अर्ज करावा म्हणते. जमलं तर."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "करावा म्हणते" म्हणजे राहूदेच्या भाषेत टाहो होता.

हळूहळू एकेक बाहेर आलं. दूरदूरच्या विद्यापीठांत गोगलगाईंवर आयुष्य काढणारे प्राध्यापक असतात. शिष्यवृत्ती मिळते, पण तिला वयाची अट आहे आणि राहूदेच्या हातात हे एकच वर्ष उरलं आहे. त्यातून कुणीतरी प्राध्यापक आधी "मी हिला घेतो" म्हणाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे जन्मात जिने कंडक्टरकडे सुटे पैसे मागितले नाहीत, तिने अनोळखी विद्वानांना गाठून म्हणायचं की मला घ्या. मी कपाळाला हात लावला.

पहिलं काम शिफारसपत्राचं. तिचे विभागप्रमुख, मिशीवाले सर, माणूस भला. ती पत्र मागायला गेली आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. सरांना तपासायला वेळ नव्हता म्हणे. दुसऱ्यांदा गेली आणि माशांची काचपेटी घेऊन आली, कारण सर गावाला निघाले होते. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिच्या हातात सरांच्या मुलाचा शाळेचा ज्वालामुखी होता, अर्धवट.

चौथ्यांदा मी गेले. अर्धी रजा टाकून, ज्वालामुखी काखेत मारून.

"सर, हा तुमचा ज्वालामुखी. आता पत्र द्या."

"कसलं पत्र?" सर चक्रावले. सगळं ऐकल्यावर खुर्चीतून उठले. "अहो, तिने विचारलंच नाही कधी! येते, 'सर, वेळ आहे का' म्हणते. मी म्हणतो, कुठला वेळ गं, हे बघ किती पडलंय. की लगेच म्हणते, 'द्या, मी करते.' आणि जाते."

त्यांनी तिथल्या तिथे बसून पत्र लिहिलं आणि मनापासून लिहिलं. सही करताना मात्र त्यांचा चेहरा पडला. "ती गेल्यावर मासे कोण बघणार?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

मग स्वतःबद्दलचा निबंध. तुम्ही कोण, काय केलंत, पुढे काय करणार. राहूदेने दोन पानं गोगलगाईंबद्दल लिहिलं आणि स्वतःबद्दल एक ओळ: "या काळात प्रस्तुत अर्जदार तेथेच होती."

"तेथेच होती म्हणजे? तू काय कुंडी आहेस?" मी विचारलं.

मग घर कामाला लागलं. आईने सुचवलं, मुलगी शांत आहे, उलट बोलत नाही, हे जरूर घालावं. मी दर वाक्यात "अत्यंत" घालायचे, ती त्याचं "बऱ्यापैकी" करायची. मी "यशस्वीपणे" लिहिलं की ती "बहुतेक" लिहायची. शेवटी कागदावर असं वाक्य उरलं: "मी बहुतेक बऱ्यापैकी निरीक्षणे केली." त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, म्हणजे मी भांडले आणि ती मला पाणी आणून देत राहिली. प्रत्येक वाक्य "मी"ने सुरू होईल आणि पुढे "बहुतेक" येणार नाही, इथे तह झाला. तिने ते लिहिलं, पण कुणाच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरावं तशी अवघडून.

प्राध्यापकांना ईमेल मात्र तिने एकटीने लिहिले. एकेकाचं सगळं लेखन वाचून, आठवडाभर एकाला, मग पुढच्याला. मला हात लावू दिला नाही. असे डझनभर गेले. उत्तर एकाचंही नाही. महिना गेला, दुसरा सरला, अर्जाची शेवटची तारीख दाराशी आली. ती रोज सकाळी लॅपटॉप उघडायची, बघायची, बंद करायची आणि म्हणायची, "कामात असतील." आई चिडली. "एवढी शिकलेली माणसं, चार ओळी लिहायला यांचे हात मोडतात?" मी बघायचे की लॅपटॉप बंद केल्यावर राहूदे थोडा वेळ त्याच्या झाकणावर हात ठेवून बसते. त्या वेळी मला राग येत नव्हता.

एका रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. ती अंगणात पाहणीला गेली आणि मी सरळ लॅपटॉप उघडला. ईमेल वाचला आणि थक्क झाले. काय सुंदर लिहिलं होतं! आईच्या कुंड्या, लाल ठिपके, ती भिंत, तो प्रश्न. मी प्राध्यापक असते तर हातातलं काम टाकून उत्तर दिलं असतं. मग शेवटचा परिच्छेद आला.

"आपण कामात असाल. हे वाचण्यात आपला वेळ गेला असल्यास क्षमा असावी. कृपया उत्तराची तसदी घेऊ नये."

दुसरा ईमेल उघडला. तसदी घेऊ नये. तिसरा. तसदी घेऊ नये. बाराच्या बारा.

"राहूदे!" मी अशी ओरडले की मटार उडाले.

ती हातात गोगलगाय घेऊन आत आली. "काय गं ताई?"

"हे काय लिहिलंयस?"

"शेवट नम्र असावा असं वाचलं होतं."

"तू त्यांना सांगितलंस उत्तर देऊ नका! आणि त्यांनी दिलं नाही!"

तिने थोडा विचार केला. "म्हणजे ऐकणारी माणसं आहेत," ती म्हणाली. "चांगलीच आहेत की."

मी तिला पुन्हा अंगणात पाठवलं आणि बाह्या सरसावल्या. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. मला ईमेल लिहिण्याची एकच पद्धत येते, ऑफिसची. साचा तयारच होता.

"विषय: स्मरणपत्र क्रमांक एक. महोदय, उपरोक्त विषयी आपणास यापूर्वी पाठविलेल्या ईमेलवर अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली दिसून येत नाही. ही बाब गंभीर आहे. तरी विलंबाच्या कारणांचा खुलासा सात दिवसांत करावा. मागील ईमेलमधील 'तसदी घेऊ नये' हे वाक्य रद्द समजावे. वीज ग्राहक क्रमांक: लागू नाही."

बाराही जणांना धाडून दिलं, राहूदेच्या नावाने. तिने आत येऊन वाचलं.

"ताई, खुलासा करावा? त्यांना?"

"लोकांना खुलासा करायला आवडतं. कुणी विचारत नाही म्हणून करत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून खुलासे सुरू झाले. एकाने कळवलं की मी निवृत्त झालो असून आता फक्त टोमॅटो लावतो. एकीने लिहिलं की माझा विषय समुद्रातले शिंपले, जमिनीवरचं मला काही विचारू नये. एकाने विचारलं की ही विजेची कोणती जोडणी, आणि थकबाकी असेल तर ती आधीच्या भाडेकरूची आहे. राहूदे प्रत्येकाची माफी मागत होती. तेवढ्यात एक लांबलचक ईमेल आला.

"आपले स्मरणपत्र वाचून फार वाईट वाटले. खुलासा असा की मी आपल्याला त्याच दिवशी उत्तर लिहिले होते. काम अतिशय आवडले, बोलायला आवडेल, असे कळविले होते. परंतु आपण कामात असाल असे वाटून मीही शेवटी लिहिले की कृपया उत्तराची तसदी घेऊ नये. आपले उत्तर आले नाही, म्हणून मी समजलो की आपल्याला रस नाही. पुन्हा विचारून त्रास देणे योग्य वाटले नाही."

मी सावकाश मान वर केली.

"यांचं उत्तर आलं होतं?"

"हो."

"कधी?"

"झाले की दोन महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस? त्यांना लिहिलं नाहीस?"

"त्यांनी तसदी घेऊ नका म्हटलं होतं ना," राहूदे म्हणाली.

मी उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि टॉवेल तोंडाशी धरून मनसोक्त ओरडले.

त्या प्राध्यापकांशी बोलणं शनिवारी संध्याकाळी ठरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा डबा, त्यावर लॅपटॉप, समोर राहूदे, केस विंचरून. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, आई आणि मी. माझ्या हातात आमटीचा डाव होता, कशाला ते मलाही माहीत नाही.

पडद्यावर सर आले. मला बाजूने वाकून दिसत होते. बारीक चणीचे, गळ्यात दोरीला चष्मा, पाठीमागे काचेच्या पेट्यांची रांग.

"बोला," सर म्हणाले.

"नाही, आधी तुम्ही बोला."

"छे छे, तुम्ही पाहुण्या. तुम्ही आधी."

"तुम्ही मोठे. तुम्ही आधी."

आईने माझा दंड धरला. मी डाव उगारला. शेवटी पेटीतली एक गोगलगाय काचेवर चढायला लागली आणि दोघांचं लक्ष तिच्याकडे गेलं, मग काय विचारता! भिंत, उतार, ओल, वास. राहूदे बोलत होती, मधेच हसत होती, "नाही सर, तसं नसतं" असंसुद्धा एकदा म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. हा आवाज आमच्या घरात आम्ही कधी ऐकला नव्हता.

"ठिपक्यांना कोणता रंग टिकतो?" सरांनी विचारलं.

"लाल. पण तो ताईचा आहे."

सर खूप हसले. मग चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे जागा एकच आहे. अजून एक मुलगा आहे, हुशार आहे, तो मला रोज ईमेल करतो. तुमचं काम मला जास्त आवडलं, पण मला आग्रह करायचा नाही. तुमची काही दुसरी सोय असेल, तुम्हाला तेवढं जरुरीचं नसेल, तर मी त्याला…"

मला पुढचं पाठ होतं. पूर्ण जन्म ऐकत आले होते मी ते. तिचे ओठ उघडले, "रा"साठी जीभ वर गेलेलीसुद्धा मला दिसली. मी डाव हवेत जोरजोरात हलवला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पडद्यावरच्या त्या काचपेट्यांकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "ती जागा मला हवी आहे."

आणि मग, आवाज उतरवून, "त्या मुलाला वाईट वाटेल. मलाही वाटेल. पण मला हवी आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "मला कसं विचारावं तेच सुचत नव्हतं. होकार आजच लेखी पाठवतो."

काम झालं होतं. पण बोलणं संपेना, कारण आधी फोन कुणी ठेवायचा? तुम्ही ठेवा. नाही, आधी तुम्ही. असं होईल कसं, तुम्हीच. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि हात लांब करून लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

पुढे अर्ज वेळेत गेला, प्रवेशाचं पत्र रीतसर आलं, शिष्यवृत्तीही आली. आईने तिच्या बॅगेवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, परत आली की ओळखू यावी म्हणून. ते सगळं झालं. पण माझ्या लेखी निकाल लागला तो त्याच शनिवारी.

झाकण लावल्यावर आई उठली, चहा टाकला, सवयीने दोन कप काढले आणि सवयीनेच विचारलं, "घेतेस का गं थोडा?"

"हो," राहूदे म्हणाली.

आईने ते ऐकलंच नाही. ऐकायची सवयच नव्हती. तिने दोन कप भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

राहूदेने तो कप पाहिला. मग हात पुढे केला आणि माझ्यासमोरचा माझा कप उचलून घेतला. विचारलंसुद्धा नाही. फुंकर मारली, एक घोट घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला हातात कपही नव्हता.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

चौतीस वर्षांतली तिची ती पहिली तक्रार. मी उठून साखरेचा डबा आणला.